न मोजलेले गुण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाचा एक परगणा आहे. तेथे चारमथ हे लहानसे गाव समुद्राकाठी वसलेले आहे. गावाच्या एका अंगाला ढासळत्या मातीचे उंच कडे आहेत. त्या कड्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जलचरांचे दगड झालेले अवशेष सापडतात. दुसऱ्या अंगाला हिरव्या टेकड्या एकीमागून एक वर चढत गेलेल्या दिसतात. या टेकड्यांच्या परिसरात कॅदरस्टन येथे बुलन कुटुंबाची पागा होती.

वडील सैन्यात कर्नल होते. आई चित्रकार होती. तट्टे आणि त्यांच्यावर बसणारी मुले यांच्या गोष्टींची जी पुस्तके त्या काळी इंग्लंडात घरोघर वाचली जात, त्यांतील कितीतरी पुस्तकांना तिने चित्रे काढून दिली होती. म्हणजे या घरात घोडे जसे पागेत होते, तसेच ते कागदावरही होते. अशा घरात वाढणाऱ्या मुलांना घोड्याचे वेड लागले नसते, तरच नवल! मुलगा मायकेल 1960 साली रोमच्या आणि 1964 साली टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धेत घोडेस्वार म्हणून उतरला. मुलगी जेनी हिनेही पुढे अश्वारोहणात मोठे नाव मिळविले. याच घरात 1948 साली जेनचा जन्म झाला.

जेनलाही घोड्यांचे वेड होते. पण तिला आणखी एका कामाची ओढ होती. रुग्णांची शुश्रूषा करण्यासाठी तिने परिचारिकेचा अभ्यासक्रम पत्करला आणि ती लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात दाखल झाली. हे जुने रुग्णालय पुढे 2005 साली बंद झाले. परंतु त्या काळी शिकाऊ परिचारिकांना तेथे कसून काम करावे लागे. अशा रीतीने एका मुलीने दोन धन्यांची चाकरी पत्करली. एक धनी लंडनमधील खाटांवर होता, तर दुसरा दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर डॉर्सेटच्या तबेल्यात उभा होता. दोघांनाही आपले दुखणे शब्दांत नीट सांगता येत नसे, आणि दोघांनाही वेळेवर येणाऱ्या माणसाची गरज होती.

त्या काळी ऑलिंपिक स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश असे. ज्याचे पोट खेळावर चालत नाही, तो हौशी. या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. हौस म्हणजे फावल्या वेळची गंमत, जमली तर केली, न जमली तर सोडून दिली, असा आपला समज असतो. परंतु दिवसभराचे काम संपवून ज्याला आपल्या हौसेकडे वळायचे असते, त्याला ती हौस फार कठोरपणे राबवून घेते. पगारी नोकर रजा मागू शकतो. हौशी माणूस स्वतःकडेच रजा कशी मागणार?

जेनचा खेळ तर विशेष कठीण होता. त्याला इव्हेंटिंग किंवा त्रिदिवसीय अश्वारोहण स्पर्धा असे म्हणतात. या खेळाचा जन्म घोडदळाच्या छावणीत झाला. सैन्यातील घोडा संचलनात आज्ञाधारक असावा, लांबच्या दौडीत चिवट असावा, वाटेत ओढा, चर, कुंपण, काहीही आले तरी न बिचकणारा असावा, आणि इतके करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कामाला उभा राहावा, अशी अपेक्षा असे. या सर्व गुणांची परीक्षा घेणारी स्पर्धा 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये प्रथम भरविण्यात आली.

परीक्षेचा पहिला भाग ड्रेसाज. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा आखीव चौकात घोड्याने नेमलेल्या चाली करून दाखवायच्या असतात. कधी कदम चाल, कधी दुडकी, कधी चौखूर. कधी वर्तुळात फिरणे, तर कधी जागच्या जागी निश्चल उभे राहणे. हा सर्व क्रम स्वाराने पाठ करायचा असतो. तोंडाने एक शब्दही उच्चारायचा नसतो. मांडीचा दाब, बोटांतील लगाम आणि पाठीचा तोल हीच काय ती दोघांमधील भाषा.

दुसरा भाग सहनशक्तीचा. त्या काळी त्याचे चार टप्पे असत. प्रथम रस्त्यावरून ठरावीक वेळात रपेट, मग उंच कुंपणांवरून भरधाव दौड, पुन्हा लांबलचक रपेट, आणि शेवटी क्रॉसकंट्री, म्हणजे रानातून, चढउतारांवरून, पाण्यातून आणि लाकडी अडथळ्यांवरून केलेली धाव. सारे मिळून पंचवीस किलोमीटरांहून अधिक अंतर होई. क्रॉसकंट्रीच्या आधी घोड्याला थोडी विश्रांती मिळे आणि पशुवैद्य त्याची तपासणी करीत. यांतील अडथळे पक्के रोवलेले असतात. घोड्याचा पाय लागला म्हणून ते पडत नाहीत. पडतो तो घोडा किंवा स्वार. घोडा अडथळ्यापुढे थबकला तर वीस गुणांचा दंड होई, आणि पडला तर साठ गुणांचा.

शेवटच्या दिवशी घोडा धडधाकट आहे की नाही हे पुन्हा पाहिले जाते आणि मग मैदानात मांडलेल्या सुट्या दांड्यांवरून त्याला उड्या मारायच्या असतात. आदल्या दिवशीच्या थकव्यानंतरही तो पाय नीट उचलतो का, हे येथे कळते. तिन्ही भागांतील दंडाच्या गुणांची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला.

या खेळातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्रॉसकंट्रीची वाट स्वार आधी पायी चालून पाहतो. कोठे जमीन निसरडी आहे, कोणत्या कुंपणापलीकडे खोल उतार आहे, हे तो मनात टिपून घेतो. परंतु घोड्याला ती वाट आधी दाखविण्याची परवानगी नसते. प्रत्येक अडथळा त्याला धावता धावता, आयुष्यात पहिल्यांदाच दिसतो. शिवाय घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे पुष्कळ दिसते, परंतु अगदी नाकासमोरचे आणि पायांखालचे दिसत नाही. उडी घेण्याच्या ऐन क्षणी तो अडथळा त्याच्या नजरेआड झालेला असतो. पलीकडे काय आहे हे तर त्याला मुळीच ठाऊक नसते. तरीही तो उडी घेतो. ती केवळ पायांच्या बळावर घेतलेली नसते. पाठीवरच्या माणसाने आजवर आपल्याला फसविलेले नाही, या विश्वासावर ती घेतलेली असते. हा विश्वास बाजारात विकत मिळत नाही, आणि तो एका दिवसात निर्माणही होत नाही.

अशा या खेळाचे ऑलिंपिकमधील दार स्त्रियांना पुष्कळ वर्षे बंद होते. प्रारंभी तर तेथे सैन्यातील अधिकाऱ्यांनाच प्रवेश असे. 1952 साली ड्रेसाजमध्ये आणि 1956 साली उड्यांच्या स्पर्धेत स्त्रिया उतरल्या. परंतु त्रिदिवसीय स्पर्धा त्यांना झेपणार नाही असे म्हटले जाई. गंमत अशी, की याच काळात इंग्लंडात बॅडमिंटन येथे होणारी मोठी स्पर्धा शीला विलकॉक्स या तरुणीने 1957, 1958 आणि 1959 अशी लागोपाठ तीन वर्षे पुरुषांना मागे टाकून जिंकली होती! तरीही ऑलिंपिकचे दार तिच्यासाठी उघडले नाही. शेवटी 1964 साली टोकियोत अमेरिकेची लाना ड्यू पाँट ही या स्पर्धेत उतरणारी पहिली स्त्री ठरली आणि तिच्या संघाने रौप्यपदक मिळविले. ब्रिटनच्या संघात मात्र अजून एकही स्त्री नव्हती.

जेनच्या घोड्याचे नाव ‘अवर नॉबी’ असे होते. घरातल्या मुलाला ‘आमचा बाळू’ म्हणावे, तसेच हे नाव. घोड्याची उंची मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत पंज्यांनी मोजतात. एक पंजा म्हणजे चार इंच. मोठ्या स्पर्धांतील घोडे सोळा पंजे किंवा त्याहूनही उंच असत. नॉबी जेमतेम पंधरा पंजे, म्हणजे सुमारे पाच फूट होता. उंच्यापुऱ्या घोड्यांच्या रांगेत तो उभा राहिला, की वरच्या वर्गात चुकून आलेल्या लहान मुलासारखा दिसे.

त्यात आणखी एक नियम त्याला जाचक होता. सहनशक्तीच्या परीक्षेत प्रत्येक घोड्याच्या पाठीवर किमान पंचाहत्तर किलोग्रॅम वजन असले पाहिजे, असा तेव्हा दंडक होता. स्वार आणि खोगीर मिळून तेवढे भरत नसेल, तर शिशाचे तुकडे घालून ते भरून काढावे लागे. घोडा लहान असो वा मोठा, ओझे सर्वांना सारखेच. धिप्पाड घोड्याला जे वजन जाणवतही नसे, ते नॉबीच्या आखूड पाठीला चांगलेच जाणवत असले पाहिजे. तरीही या लहानग्या घोड्याचे पाऊल चपळ होते, आणि अडथळा दिसला की त्याच्याकडे धाव घेण्याची उमेद त्याच्या अंगी होती.

स्पर्धेचा घोडा तयार करण्याचे काम हिवाळ्यातच सुरू होते, आणि प्रारंभी त्यात पाहण्यासारखे काहीच नसते. विश्रांतीनंतर पागेत आलेल्या घोड्याला कित्येक आठवडे केवळ चालवितात. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे हाडे आणि त्यांना धरून ठेवणारे कंडरांचे दोर असतात. हे दोर सावकाश कणखर होतात. उतावीळपणे घोडा दौडविला, तर एखादा दोर दुखावतो आणि सबंध वर्ष वाया जाते. म्हणून पहिल्याने चालणे, मग दुडकी, मग टेकडीची चढण, आणि सर्वांत शेवटी चौखूर दौड, असा क्रम ठेवावा लागतो. विश्रांतीत असताना घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस वेळा पडते, आणि भरधाव दौडीत तेच दोनशेच्या वर जाते. इतका ताण सोसून ते लवकर पूर्ववत व्हावे, यासाठी ही महिनोन्‌महिन्यांची तयारी असते.

शिवाय रोजची कामे निराळीच. पहाटे चंदी द्यायची, पाणी दाखवायचे, गवत टाकायचे, ठाण साफ करायचे, अंगाला खरारा करायचा, खुरांत रुतलेले खडे काढायचे, नाल ढिला झाला आहे का ते पाहायचे. संध्याकाळी चारही पायांवरून हात फिरवून कोठे ऊन लागते का, कोठे सूज आहे का, हे चाचपायचे. हे काम एक दिवस केले आणि एक दिवस केले नाही, असे चालत नाही. थंडी पडली, पाऊस लागला, सण आला, तरी घोड्याला भूक लागतेच.

जेन तर लंडनमध्ये! रुग्णालयाने नेमून दिलेली पाळी तिला चुकविता येत नव्हती. म्हणून ती तेथे असताना नॉबीची मेहनत घरच्या माणसांकडून होई, आणि सवड मिळताच जेन घराकडे धाव घेई. एरवी ती रुग्णालयाच्या पांढऱ्या भिंतींमध्ये वावरे. तेथील कामही याच जातीचे होते. रुग्णाचा ताप पाहायचा, नाडी मोजायची, बिछाना नीट करायचा, पट्टी बदलायची, आणि दोन तासांनी तेच पुन्हा करायचे. रुग्ण बरा होऊन घरी जातो, तेव्हा लोक वैद्यांचे आभार मानतात. मध्यरात्री उशी सरळ करणारा हात कोणाचा होता, हे खुद्द रुग्णालाही पुष्कळदा आठवत नाही. रुग्णालय काय किंवा पागा काय, दोन्ही ठिकाणी मोठ्या गोष्टी अशाच लहान कामांवर उभ्या असतात. जेन या दोन्ही शाळांत एकच धडा शिकत होती.

1968 सालचा हंगाम उजाडला. एप्रिल महिन्यात बॅडमिंटनची स्पर्धा आली. बॅडमिंटन हे ग्लॉस्टरशायर परगण्यातील एक खेडे असून तेथे ब्यूफर्टच्या ड्यूकचा प्रचंड वाडा आहे. फुलाने खेळावयाच्या ज्या खेळाला आपण बॅडमिंटन म्हणतो, त्याला या वाड्यावरूनच हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ असेही म्हटले जाई, हे आपल्याकडील मुलांना ऐकून मौज वाटेल. या वाड्याच्या विस्तीर्ण उपवनात 1949 सालापासून घोडेस्वारांची त्रिदिवसीय स्पर्धा भरू लागली, आणि पाहता पाहता ती जगातील अत्यंत अवघड स्पर्धांपैकी एक गणली जाऊ लागली. तेथील तळ्याच्या पाण्यात घोडे उड्या घेतात, ते पाहण्यासाठी काठावर लोकांची रीघ लागते.

त्या वर्षी ऑलिंपिकचा संघ निवडायचा असल्यामुळे या स्पर्धेकडे सर्वांचे डोळे लागले होते. कसलेले स्वार आणि नावाजलेले घोडे तेथे आले होते. त्यांच्यात वीस वर्षांची एक शिकाऊ परिचारिका होती आणि तिचा तो बुटका नॉबी होता. तीन दिवस संपले, तेव्हा सर्वांच्या वर याच जोडीचे नाव होते! वृत्तपत्रांना मोठीच मौज वाटली. त्यांनी जेनला ‘दौडणारी परिचारिका’ असे टोपणनाव देऊन टाकले. लवकरच आणखी एक वार्ता आली. मेक्सिकोच्या ऑलिंपिकसाठी निवडलेल्या ब्रिटिश संघात जेन बुलनचा समावेश झाला होता. त्रिदिवसीय स्पर्धेत ऑलिंपिकला जाणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होती.

हा संघ मोठा विविध होता. मेजर डेरेक ऑलहुसेन हे चोपन्न वर्षांचे होते. ते आपल्या लॉकिनवार या घोड्यावर बसत. बेन जोन्स हा सैन्यातील सार्जंट होता. त्याचा घोडा ‘द पोचर’. तिसरा रिचर्ड मीड, तिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला तरुण. त्याचा घोडा कॉर्निशमन. आणि चौथी जेन. मेजरसाहेबांच्या आणि तिच्या वयात चौतीस वर्षांचे अंतर होते. एखाद्या कुटुंबात शोभावीत, अशी ही चार माणसे होती.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. घोडेस्वारांची ही स्पर्धा मात्र शहरापासून दूर, डोंगरांतील आवांदारो येथे ठेवली होती. ती जागा शहराहून काहीशी खालच्या पातळीवर असली, तरी तेथेही हवा विरळच होती. विरळ हवेत प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू कमी असतो. दौडणाऱ्या माणसाला ते जाणवते, मग पंचाहत्तर किलो ओझे घेऊन धावणाऱ्या घोड्याची काय कथा!

परंतु खरे संकट आले ते आकाशातून. ऑक्टोबर महिना होता आणि त्या डोंगराळ भागात दुपारी ढग दाटून येत. सहनशक्तीच्या परीक्षेच्या दिवशी वादळी पाऊस अक्षरशः कोसळला. ज्यांची पाळी आधी लागली, त्यांना निदान पायांखाली घट्ट जमीन मिळाली. ज्यांची पाळी नंतर आली, त्यांच्यापुढची वाट पाहता पाहता चिखलाची झाली. ओढे फुगले. सकाळी स्वच्छ दिसणारे अडथळे गढूळ पाण्यात निम्मेअधिक बुडाले. पाणी किती खोल आहे, तळाशी दगड आहे की चिखल, काहीच कळेना. जोन्स आणि मीड यांना या प्रलयातूनच घोडे काढावे लागले. आपल्याला पुढचे दिसत नसेल, तर पाठीवरच्या माणसावर विसंबून राहावे, हे घोड्याला शिकविलेले असते. त्या दिवशी पाठीवरच्या माणसालाही पुढचे दिसत नव्हते. घोड्याने माणसावर आणि माणसाने घोड्यावर विश्वास ठेवायचा, एवढीच वाट उरली होती.

जेनने आणि नॉबीनेही आपली फेरी पूर्ण केली. मात्र बॅडमिंटनला सर्वांच्या पुढे असलेल्या या जोडीला मेक्सिकोत दंडाचे पुष्कळ गुण सोसावे लागले. तरी त्यांनी मैदान सोडले नाही. अखेरच्या दिवशी सुट्या दांड्यांवरील उड्याही त्यांनी पुऱ्या केल्या. सारे संपल्यावर व्यक्तिगत क्रमवारीत जेनचे स्थान अठरावे होते.

आता संघाचा हिशेब पाहू. तेव्हाचा नियम असा होता, की संघात चार स्वार असावेत आणि त्यांतील उत्तम तिघांचे गुण धरावेत. ऑलहुसेन यांचा दंड 41.61, मीडचा 64.46 आणि जोन्सचा 69.86, एकूण 175.93. दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या अमेरिकेच्या संघाचा दंड 245.87 होता. ब्रिटनला सुवर्णपदक मिळाले! व्यक्तिगत सुवर्णपदक फ्रान्सच्या झाँ-झाक ग्युयों याला मिळाले, आणि चोपन्न वर्षांचे ऑलहुसेन व्यक्तिगत रौप्यपदकाचेही मानकरी ठरले. मीड चौथा आला, जोन्स पाचवा.

या बेरजेत जेनचा आकडा कोठे आहे? तो कोठेच नाही. हिवाळ्यापासून चाललेली मेहनत, रुग्णालयातून घराकडे मारलेल्या फेऱ्या, बॅडमिंटनचा विजय, इतके करून ज्या बेरजेने सुवर्णपदक मिळाले, तीत तिचा एकही गुण धरला गेला नव्हता. पदक मात्र चौघांनाही मिळाले, आणि ते चौघांचेही होते.

यात काही अन्याय झाला, किंवा कोणी तिला पदक उगीच देऊन टाकले, असे कोणाला वाटेल. परंतु थोडा विचार केला तर तसे वाटणार नाही. उत्तम तिघांचे गुण धरायचे, याचा अर्थ निदान तिघांनी तरी स्पर्धा पूर्ण करायलाच हवी. तीनच स्वार असते, आणि त्या चिखलात त्यांतील एकाचा घोडा लंगडला असता, तर उरलेल्या दोघांचे सारे श्रम पाण्यात गेले असते. चौथा स्वार मागे उभा असतो, म्हणून पुढच्या तिघांना धीर येतो. कोणाच्या वाट्याला कसे मैदान येईल, कोणाचा आकडा धरला जाईल आणि कोणाचा गळेल, हे सकाळी कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे चौघांनाही सारख्याच निष्ठेने दौडावे लागते. आपला आकडा मोजला जाणार नाही असे दिसू लागल्यावरही जो आपली फेरी पुरी करतो, त्याने संघाचे काम केलेच.

पुढे जेनने आणखी यश मिळविले. बरोबर दहा वर्षांनी, 1978 साली, वॉरियर नावाच्या दुसऱ्या घोड्यावर बसून तिने बॅडमिंटनची स्पर्धा पुन्हा जिंकली. लग्नानंतर ती जेन होल्डरनेस-रॉडम या नावाने ओळखली जाऊ लागली. अश्वारोहणावर तिने अनेक पुस्तके लिहिली. ब्रिटनमध्ये अपंग मुलांना आणि माणसांना घोड्यावर बसण्याची संधी देणारी एक मोठी संस्था आहे; त्या संस्थेच्या प्रमुखपदाचीही धुरा तिने वाहिली. रुग्णाची शुश्रूषा आणि घोड्याची माया या तिच्या आयुष्यातील दोन निरनिराळ्या वाटा तेथे एकमेकींना येऊन मिळाल्या. ज्याला स्वतःच्या पायांवर नीट चालता येत नाही, त्याला घोडा आपले चार पाय उसने देतो, आणि मग तोही इतरांहून उंच बसून जग पाहतो.

या खेळाचे रूपही आता बदलले आहे. लांब रपेटीचे ते जुने टप्पे ऑलिंपिकमधून 2004 सालापासून गेले. 2021 साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकपासून संघात तीनच स्वार ठेवून तिघांचेही गुण मोजण्याची पद्धत सुरू झाली. त्या स्पर्धेत फवाद मिर्झा हा भारतीय स्वारही उतरला होता आणि तो अंतिम फेरीपर्यंत पोचला. मेक्सिकोत जेन ज्या चौथ्या जागेवर उभी होती, ती जागा मात्र त्या बेरजेत उरली नाही.

परंतु खेळाच्या मैदानाबाहेर ती जागा अजून आहे आणि सदैव राहील. मध्यरात्री उशी सरळ करणारी परिचारिका, पहाटे अंधारात चंदी घेऊन तबेल्यात शिरणारा मोतद्दार, शाळेच्या मैदानावरचे खडे वेचणारा शिपाई, या सर्वांचे आकडे कोठल्याही फलकावर लिहिलेले नसतात. एखाद्याने त्या बेरजा कितीही तपासून पाहिल्या, तरी त्यांची नावे तेथे सापडणार नाहीत. मात्र त्यांनी आपली फेरी अर्ध्यावर सोडली, तर वरची एकही बेरीज जुळणार नाही.

आवांदारोच्या चिखलातून परतलेल्या त्या बुटक्या घोड्याला यातले काहीच कळले नसेल. आपण कितवे आलो, आपले गुण मोजले की गाळले, हे घोड्याला कोण सांगणार? त्याला एवढेच ठाऊक, की दौड संपली आहे, पाठीवरचे खोगीर उतरले आहे, आणि ओळखीचा एक हात सवयीप्रमाणे त्याच्या चारही पायांवरून हळुवार फिरत आहे.